डॉकच्या दवाखान्याचा जिना

दुपारच्या जेवणाचे ट्रे वॉर्डात पोचले की आमच्या हॉस्पिटलातल्या निम्म्याअधिक खोल्यांत ‘गनस्मोक’ ही जुनी टीव्ही मालिका लागलेली असते. पश्चिम कॅन्ससमधलं हे छोटं हॉस्पिटल, सरकारी नियमानेच २५ पेक्षा जास्त खाटा ठेवता येत नाहीत अशा प्रकारातलं. पेशंट बहुतेक सत्तरीच्या पुढचे, गव्हाची शेती करणारे नाहीतर गुरं पाळणारे. मालिका १९७५ साली संपली, पण तिचे जुने भाग अजून रोज कुठल्या ना कुठल्या चॅनलवर चालू असतात आणि ही मंडळी ते पुन्हा पुन्हा बघतात. मी मिरजेला एमबीबीएस करून अमेरिकेत आले. रेसिडेन्सी झाल्यावर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात ठराविक काळ काम करायचं, या व्हिसाच्या अटीवर या गावात आले आणि इथलीच झाले. ‘गनस्मोक’ मला दाखवलं ते माझ्या पेशंटांनी. पायाच्या जखमेचं ड्रेसिंग करायला वेळ लागतो, समोर टीव्ही चालू असतो, बघताबघता माणूस त्यात ओढला जातो. आता मी घरीही बघते, मुद्दाम वेळ काढून.

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गाव डॉज सिटी, कॅन्सस. काळ १८७० नंतरचा. टेक्ससहून हजारो गुरं हाकत काऊबॉय इथे येतात, इथून गुरं रेल्वेने पूर्वेकडे जातात. गावात एक मार्शल, म्हणजे कायदा सांभाळणारा अधिकारी, मॅट डिलन. ‘लाँग ब्रँच’ सलूनची भागीदार-मालकीण मिस किटी. मार्शलच्या हाताखाली आधी चेस्टर, नंतर फेस्टस. आणि गावचा डॉक्टर गेलन ॲडम्स, ज्याला सगळे नुसतं ‘डॉक’ म्हणतात. १० सप्टेंबर १९५५ ला सीबीएस या चॅनलवर पहिला भाग लागला आणि २० सीझन, ६३५ भाग झाले. सलग चार वर्षं ही अमेरिकेतली पहिल्या क्रमांकाची मालिका होती. त्याआधी १९५२ पासून ती रेडिओवर होती. निर्माते नॉर्मन मॅक्डॉनेल आणि लेखक जॉन मेस्टन या दोघांना मोठ्या माणसांसाठी वेस्टर्न, म्हणजे काऊबॉयच्या काळातली गोष्ट, करायचं होतं, जिथे गोळी लागलेला माणूस खरोखर दुखण्याने विव्हळतो आणि चांगली माणसंही मरतात.

आता माझं म्हणणं. बंदुकीच्या धुराचं नाव असलेली ही मालिका मला डॉक्टरची मालिका वाटते. मार्शलचं काम गोळी सुटेपर्यंत. त्यानंतर जे काही होतं ते सगळं त्या लाकडी जिन्याने वर जातं. डॉकचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे आणि त्याला बाहेरून जिना आहे. बेशुद्ध माणसाला दोघांनी बगलेत धरून त्या अरुंद जिन्यावरून चढवायचं, हे मालिकेत इतक्या वेळा होतं की मला आता त्या पायऱ्या परिचयाच्या झाल्यात. इतर वेस्टर्नमध्ये माणूस धुळीत कोसळतो आणि कॅमेरा दुसरीकडे वळतो. इथे कॅमेरा जिना चढून वर जातो. डॉक बाह्या वर सारतो, गरम पाणी मागतो, दिवा जवळ घ्यायला सांगतो आणि बाकीच्यांना बाहेर काढतो. मग बाहेर थांबलेल्या माणसांचे चेहरे दिसतात. मालिकेचा जीव त्या थांबण्यात आहे असं मला वाटतं.

पहिलाच भाग बघा. सुरुवातीला वेस्टर्न सिनेमांचा बडा नट, खुद्द जॉन वेन, येऊन प्रेक्षकांना नव्या मालिकेची ओळख करून देतो. एवढी प्रस्तावना झाल्यावर कुणालाही वाटेल की आता नायक पडद्यावर येऊन दोन-चार जणांना लोळवणार. होतं उलटंच. डॅन ग्रॅट नावाचा विजेसारखा चपळ माणूस गावात येतो, मॅट त्याला अटक करायला जातो आणि मॅटच गोळी खाऊन पडतो. पहिल्या भागात नायक मरायला टेकलेला, आणि त्याची सगळी भिस्त डॉकवर. पुढे मॅट अंथरुणावर पडल्यापडल्या विचार करतो. हा माणूस दरवेळी समोरच्याच्या अगदी जवळ का जातो? कारण त्याचा हात चपळ आहे, पण नेम लांबून लागत नाही. मग जखम पुरती भरलेली नसताना मॅट पुन्हा त्याच्यासमोर उभा राहतो, पण मधलं अंतर राखून. या भागात मला शेवटच्या चकमकीपेक्षा मधला अंथरुणातला काळ जास्त आवडतो. आजारपणात माणसाला विचार करायला जो वेळ मिळतो तो इतका नीट दाखवलेला टीव्हीवर क्वचित दिसतो.

सुरुवातीच्या सीझनमध्ये आणखी एक गोष्ट आहे. भाग सुरू होताना मॅट बूट हिलवर, म्हणजे गावाबाहेरच्या दफनभूमीत, थडग्यांमधून चालताना दिसतो आणि स्वतःशी बोलतो. मार्शल स्वतःच्या कामाचा हिशेब थडग्यांत मांडतो. १९५५ च्या अमेरिकेत, शनिवारी रात्री कुटुंब टीव्हीसमोर बसलेलं असताना हे दाखवायला धाडस लागतं.

डॉकची भूमिका मिलबर्न स्टोन यांनी केली आणि ते मूळचे कॅन्ससचेच, बर्टन या छोट्या गावात १९०४ साली जन्मलेले. आमच्याकडचे म्हातारे पेशंट हे मला आवर्जून सांगतात. ‘तो आपला आहे’ असं म्हणताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. स्टोन यांचा डॉक चिडका आहे, मिशांवरून हात फिरवतो, कानाची पाळी ओढतो, मिळालेल्या आणि न मिळालेल्या फीबद्दल कुरकुरतो. फेस्टसशी त्याची जी भांडणं चालतात ती ऐकताना आमच्या एका आजोबांचा रक्तदाब मी मोजतच नाही, भाग संपायची वाट बघते. फेस्टसला लिहिता-वाचता येत नाही, पण डॉकला उत्तर द्यायला तो कधी कमी पडत नाही. आणि रात्री-अपरात्री कुणी बोलवायला आलं की हाच चिडका माणूस काळी बॅग उचलून बग्गीत बसतो. त्याच्या चिडण्यातला थकवा मला ओळखीचा आहे. बाळंतपणाला वीस मैलांवर पोचायचं, पोचेपर्यंत उशीर झालेला, परत येताना उजाडलेलं, आणि दारात पुढचा पेशंट. स्टोन खांदे थोडे पाडून, हॅट टेबलावर ठेवून खुर्चीत बसतात, तेवढ्यात ते सगळं येतं. १९६८ मध्ये त्यांना या भूमिकेसाठी एमी, म्हणजे अमेरिकेतलं टीव्हीचं मोठं पारितोषिक, मिळालं. १९७१ मध्ये त्यांना स्वतःलाच हार्ट ॲटॅक आला, हृदयावर शस्त्रक्रिया झाली, आणि त्या काळात पॅट हिंगल हे दुसरे डॉक्टर म्हणून काही भागांत आले. गाव त्या नव्या डॉक्टरला सहजासहजी आपलं मानत नाही. नवीन डॉक्टर म्हणून खेड्यात गेलेल्या कुणीही ते भाग जरूर बघावेत.

डॉक्टर म्हणून मला मालिकेतल्या उपचारांबद्दल विचारतात, की तेव्हा हे शक्य होतं का. बरंचसं होतं. क्लोरोफॉर्म आणि इथर होते, मॉर्फिन होतं, दंडाची-मांडीची गोळी काढता येत होती. ब्रिटिश सर्जन लिस्टर यांनी कार्बोलिक ॲसिड वापरून जखमा निर्जंतुक ठेवायची पद्धत १८६७ मध्येच प्रसिद्ध केली होती, पण अमेरिकेत बरेच नावाजलेले डॉक्टर ती मानायला तयार नव्हते. त्याची किंमत राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांनी मोजली. २ जुलै १८८१ ला त्यांना गोळी लागली, देशातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनी न धुतलेल्या बोटांनी जखम चाचपली, पू झाला, आणि १९ सप्टेंबरला ते गेले. पोटात गोळी लागली तर सगळा खेळ संपलेलाच असायचा, कारण पोट उघडून आतडं शिवायची कुणाची छाती होत नव्हती. गंमत बघा, त्याच जुलै महिन्यात ॲरिझोनातल्या टूम्बस्टोनजवळ डॉ. जॉर्ज गुडफेलो यांनी गोळी लागलेल्या एका खाणकामगाराचं पोट उघडून ऑपरेशन केलं. अशा प्रकारचं ते पहिलं नोंदवलेलं ऑपरेशन मानतात. राष्ट्राध्यक्षाला जे मिळालं नाही ते एका मजुराला सरहद्दीवरच्या खाणीच्या गावात मिळालं. मला ही गोष्ट फार प्रिय आहे. मोठ्या शहरापासून लांब काम करणारा डॉक्टर मागासच असतो असं मानणाऱ्यांना मी ती नेहमी सांगते.

मालिका बघताना माझी नजर सारखी पायांकडे जाते, ती धंद्याची सवय. चेस्टर एक पाय ताठ ठेवून लंगडतो. चेस्टरचं काम करणाऱ्या डेनिस वीव्हर यांनी ते लंगडणं भूमिकेत आणलं. मूळचा हा माणूस पक्का खेळाडू, १९४८ च्या ऑलिंपिकच्या निवड चाचणीत डेकॅथलॉनला उतरलेला. वर्षानुवर्षं गुडघा न वाकवता धावणं, घोड्यावर चढणं, पायऱ्या चढणं, हे किती कठीण आहे ते फिजिओथेरपिस्टला विचारा. १९५९ मध्ये त्यांनाही एमी मिळालं. आणि ज्याचा पाय खरोखर दुखत होता तो मात्र धडधाकट मार्शल म्हणून छाती काढून उभा. मॅटचं काम करणारे जेम्स आर्नेस १९४४ मध्ये इटलीत ॲन्झिओच्या लढाईत उजव्या पायाला गोळ्या लागून जबर जखमी झाले होते. सहा फूट सात इंच उंची, त्यामुळे पाणी किती खोल आहे ते कळावं म्हणून बोटीतून सगळ्यांत आधी त्यांनाच उतरवलं होतं म्हणे. ते दुखणं जन्मभर राहिलं. नंतरच्या सीझनमध्ये ते घोड्यावरून उतरतात तो क्षण नीट बघा. उतरल्यावर लगेच चालत नाहीत. अर्धा श्वास थांबतात, वजन डाव्या पायावर घेतात, आणि मग चालू लागतात. माझ्या पेशंटांपैकी ज्यांनी स्वतः घोडी हाताळली आहेत त्यांच्या हे माझ्या आधी लक्षात आलेलं होतं.

मिस किटीबद्दल लिहायला मला जड जातं, पण लिहायला हवंच. सुरुवातीच्या काळात या मालिकेला पैसा सिगारेटच्या जाहिरातींचा होता. तेव्हा ते सर्रास चालायचं. अमेरिकेत टीव्ही-रेडिओवरून सिगारेटच्या जाहिराती गेल्या त्या थेट १९७१ मध्ये. किटीचं काम करणाऱ्या अमांडा ब्लेक स्वतः भरपूर सिगारेट ओढायच्या. १९७७ मध्ये त्यांना तोंडाचा कॅन्सर निघाला आणि ऑपरेशन झालं. बोलणं पुन्हा शिकावं लागलं. त्यानंतर त्या गप्प बसल्या नाहीत, कॅन्सर सोसायटीसाठी देशभर फिरल्या, लोकांना तंबाखू सोडायला सांगितलं. १९८९ मध्ये त्या गेल्या, आणि त्या मृत्यूमागे एड्स होता हे नंतर जाहीर झालं. मिरजेला इंटर्नशिप करताना मिश्री लावणाऱ्या, तंबाखू चघळणाऱ्या बायका तोंडाच्या ओपीडीत ओळीने बसलेल्या मी पाहिल्या आहेत. पदराने तोंड झाकून बसायच्या. त्यामुळे ‘लाँग ब्रँच’च्या बारमागे हसत उभी असलेली किटी पाहिली की मला पुढचं सगळं आठवतं, आणि एवढी देखणी, एवढी नावाजलेली बाई त्या आजारानंतर तोंड न लपवता लोकांसमोर उभी राहिली याबद्दल तिच्याविषयी फार आदर वाटतो.

खऱ्या डॉज सिटीत मी बऱ्याचदा जाते. आम्हाला मोठं गाव म्हणजे तेच. मालिकेत गावामागे डोंगर दिसतात, कारण चित्रीकरण कॅलिफोर्निया-युटाकडचं. इथे डोंगर औषधाला नाही. बूट हिल हा एवढासा उंचवटा आहे, त्यावर आता म्युझियम आहे. गाव वसलं १८७२ मध्ये, सांता फे रेल्वे आली तेव्हा. पहिली काही वर्षं धंदा म्हशींच्या, म्हणजे बायसनच्या, कातड्यांचा. लाखोंनी बायसन मारले, कातडी काढली आणि बाकी धड माळावर कुजू दिलं. ज्या शायान आणि कायोवा लोकांचं पोट त्या कळपांवर होतं त्यांचं काय झालं, हे मालिका क्वचितच विचारते. मूलनिवासी माणसं बहुतेक वेळा शत्रू म्हणून येतात, कृष्णवर्णीय काऊबॉय जवळपास दिसतच नाहीत, आणि प्रत्यक्षात ते टेक्ससच्या वाटेवर भरपूर होते. ही मालिकेची मोठी उणीव आहे. तिच्यावर प्रेम असल्यामुळेच मला ती जास्त टोचते.

गोळीबाराचं प्रमाणही वेगळं होतं. रॉबर्ट डायकस्ट्रा या इतिहासकाराने कॅन्ससमधल्या पाच गुरांच्या गावांची १८७० ते १८८५ ची नोंद तपासली. डॉज सिटी धरून पाचही गावांत मिळून ४५ खून. मालिकेत एका सीझनमध्ये जवळपास तेवढे होत असतील. गावात रेल्वेच्या रुळांच्या उत्तरेला बंदूक घेऊन फिरायला बंदी होती. पाहुण्याने आधी हत्यार जमा करायचं, मग प्यायला बसायचं. गावात खरा डॉक्टरही होता, थॉमस मॅकार्टी, गाव वसलं त्याच सुमारास आलेला. १८७८ मध्ये डोरा हँड नावाची गायिका झोपेत गोळी लागून मेली. गोळी झाडणाऱ्या जेम्स केनेडीला पकडताना त्याच्या खांद्याला जखम झाली, आणि त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत डॉ. मॅकार्टी होते. पाठलाग करणाऱ्यांत बॅट मास्टरसन आणि वायट अर्प हे त्या काळातले नावाजलेले कायदारक्षक होते, त्यामुळे ती गोष्ट त्यांच्या नावावर सांगतात. ज्या बाईला सगळं गाव ओळखत होतं तिच्या खुन्याची जखम धुणारा डॉक्टर मला जास्त महत्त्वाचा वाटतो. केनेडी पुढे पुराव्याअभावी सुटला.

आणि डॉज सिटीचे ते दिवस कुणा मार्शलने संपवले नाहीत, एका गोचिडीने संपवले. टेक्ससची लांब शिंगांची गुरं दिसायला ठणठणीत, पण ती ज्या वाटेने जायची तिथली कॅन्ससची गुरं तापाने पटापट मरायची. शेतकरी चिडले, बंदुका घेऊन वाटेत उभे राहिले. शेवटी १८८५ मध्ये कॅन्ससने टेक्ससच्या गुरांना राज्याची सीमाच बंद केली आणि काही काळातच काऊबॉयचं डॉज सिटी इतिहासजमा झालं. कारण कळलं ते १८९३ मध्ये, थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी हा ताप गोचिडीतून पसरतो हे सिद्ध केलं तेव्हा. टेक्ससच्या गुरांना लहानपणीच तो होऊन गेलेला असायचा म्हणून ती तगायची, आणि त्यांच्या अंगावरच्या गोचिडी वाटेत गळून इतरांना धरायच्या. यानंतर चारच वर्षांनी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी सापडले. आम्ही मलेरिया रॉसपासून शिकलो, पण त्याच्या आधी गोचीड आहे हे मला कॅन्ससमध्ये आल्यावर कळलं, आणि सांगितलं ते एका गुरं पाळणाऱ्या आजींनी. त्यांच्या पणजोबांची गुरं त्या तापाने गेली होती.

आज डॉज सिटीत मोठे मांसप्रक्रिया कारखाने आहेत. गुरं अजून येतात, ट्रकने. कामगार मेक्सिको, ग्वाटेमाला, सोमालियापासून आलेले. दवाखान्यात दुभाषा लागतो. हात कापून येणारे, खांदा निखळून येणारे, बाळंतपणाला लांबून येणारे, असे सगळे असतात. आसपासच्या कित्येक छोट्या हॉस्पिटलांनी बाळंतपणाचे विभाग बंद केलेत, त्यामुळे ‘दवाखाना किती लांब’ हा मालिकेतला प्रश्न इथे आजही रोजचा आहे. म्हणून कुणी या मालिकेला जुनाट म्हटलं की मला पटत नाही.

बघायची असेल तर एक सांगते. रंगीत भागांपासून सुरुवात करू नका, ते १९६६ नंतरचे. आधीचे कृष्णधवल, अर्ध्या तासाचे भाग घ्या, १९६१ पर्यंतचे. त्यातही मेस्टन यांनी लिहिलेले निवडा. ते फार थोड्या वाक्यांत गोष्ट सांगतात आणि शेवट गोड करायच्या फंदात पडत नाहीत. माळावर एकटं घर, नवरा गेलेली बाई, कर्जाने पिचलेला शेतकरी, वेडाच्या काठावर गेलेला शिकारी, असली माणसं त्यांत भेटतात. मग तासाभराच्या भागांकडे या, फेस्टस आणि डॉकच्या जोडीसाठी. आणि रेडिओवरचे भाग इंटरनेटवर सहज मिळतात, तेही ऐका. तिथला विल्यम कॉनरॅड यांचा मॅट जास्त थकलेला आणि एकाकी आहे, आणि हॉवर्ड मॅकनिअर यांचा डॉक सुरुवातीला जरा भीतीदायकच वाटतो. मी ते रात्रीच्या कॉलवरून गाडीने घरी येताना ऐकते. रस्ता सरळ असतो, दोन्हीकडे गव्हाची शेतं, आणि एक भाग बरोबर घरापर्यंत पुरतो.